गावातल्या शिबिरात कोणत्या तपासण्या ठेवाव्यात, कोणत्या वगळाव्यात?

गल्लीकर_निपाणी

मंडळी, यंदा गणपतीत वर्गणीतून आरोग्य तपासणी शिबिर घ्यायचं आमच्या मंडळात ठरतंय. एक दिवस, सकाळी नऊ ते दुपारी एक, शाळेच्या दोन खोल्या. गावात तंबाखूची शेती, बऱ्याच बायका वखारीत नाहीतर विड्या वळायला, मिश्री घरोघरी. एका लॅबनं ७२ तपासण्यांचं पॅकेज सवलतीत देऊ केलंय, वर ‘कॅन्सर मार्कर’ (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या तपासण्या) जादा. निम्मी मंडळी म्हणतात, एवढं स्वस्तात मिळतंय तर घेऊन टाकू की. बाकीचे म्हणतात, बीपी-शुगर पुरे. या कामातली माणसं इथं आहेत म्हणून विचारतोय. काय ठेवावं, काय वगळावं आणि का? नुसतं ‘चांगलं आहे’ किंवा ‘सगळी लूट आहे’ असं नको, कारणासकट सांगा.

लॅबटेबल

आधी ७२ चा हिशेब मांडतो. सीबीसीची (रक्तपेशींच्या मोजणीची) एकच ट्यूब, पण तिचे आकडे वीसेक. लिव्हरचे दहा-बारा. लिपिडचे सात-आठ, त्यातली गुणोत्तरं तर यंत्र नुसतं भागाकार करून छापतं, तीही वेगळी तपासणी म्हणून मोजतात. थोडक्यात, सात-आठ मूळ चाचण्यांचे ७२ आकडे.

‘नॉर्मल रेंज’ बहुतेक वेळा अशी ठरते : निरोगी माणसांचे आकडे मांडायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के बाहेर ठेवायचे. म्हणून धडधाकट माणसाचाही कुठलाही एक आकडा रेंजबाहेर पडायची शक्यता शंभरात पाच असते. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. पॅकेजमधले बरेच आकडे एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे हे गणित तंतोतंत लागू होत नाही, पण कल तोच. शंभर माणसांना पॅकेज दिलंत, तर ठळक अक्षरं बघून घाबरलेली पन्नासेक माणसं दुसऱ्या दिवशी मंडळाच्या दारात असतील. त्यांना उत्तर कोण देणार, हे आधी ठरवा.

शिबिरातलं रक्त बिघडतं कसं, तेही बघा. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच ठेवलं की पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण ५ ते ७ टक्के. नऊला घेतलेलं रक्त दोनला यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या केल्या, तर मधुमेह्याचाही आकडा नॉर्मलकडे सरकलेला असतो. साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराईडची ट्यूब हवी. तीही पहिल्या तास-दोन तासांतली घट पुरती थांबवत नाही, म्हणून नमुने लवकर पोचायलाच हवेत. खड्ड्याखड्ड्यातून मोटरसायकलवर डबा नेला की पेशी फुटतात आणि पोटॅशियम, एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) उगाच वाढून येतात. लॅबवाल्याला तीन गोष्टी विचारा : सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवायचं यंत्र) जागेवर आणणार का, बर्फाचा डबा आहे का, शेवटचा नमुना किती वाजता लॅबमध्ये पोचेल. उत्तर घुटमळत आलं तर पॅकेज सोडून द्या.

मार्करबद्दल स्पष्ट सांगतो, निरोगी माणसाला ते करू नका. सीईए (आतड्याच्या कॅन्सरसाठी वापरतात तो मार्कर) सिगरेट-विडी ओढणाऱ्यात कॅन्सर नसतानाही वाढलेला असतो. सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर) पाळीच्या दिवसांत, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार), पोटाच्या टीबीत वाढतो. पीएसए (पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा मार्कर) लघवीच्या संसर्गातही चढतो. आधीच निदान झालेल्या रुग्णाचे उपचार कसे चाललेत, हे बघायला सीईए आणि सीए-१२५ कामाचे. गावभर चाळणी लावायला, म्हणजे त्रास नसलेल्यांना सरसकट तपासायला, नव्हेत. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर अंडाशयाच्या कॅन्सरची चाळणी वर्षानुवर्षं करून पाहिली, एका गटात सीए-१२५ वर लक्ष ठेवून, दुसऱ्यात सोनोग्राफीनं. २०२१ साली निष्कर्ष आला : मृत्यू कमी झाले नाहीत.

तिसरं_रेल्वेगेट

मुद्दे पटले, पण एक विचारतो. शहरातला माणूस मनात आलं की तपासून घेतो. खेड्यातला माणूस दुखणं अंगावर काढतो आणि गाठ लिंबाएवढी झाल्यावर डॉक्टरकडे जातो. अशा ठिकाणी ‘जास्त तपासण्या नकोत’ म्हणणं म्हणजे गरिबाला आहे ती संधीही नाकारणं नाही का? शंभरात पन्नास उगाच घाबरले, पण एक वाचला, तर तो सौदा मला मान्य आहे.

मलप्रभाकाठ

तिसरं_रेल्वेगेट, तुमचा सौदा मलाही मान्य झाला असता, फक्त तो एक खरंच वाचतो का हे आधी तपासायला हवं. गोम तिथंच आहे. ‘लवकर सापडणं’ आणि ‘वाचणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, दोन माणसं एकाच कॅन्सरनं वयाच्या ६५ व्या वर्षी जातात. एकाचा रोग त्रास सुरू झाल्यावर ६३ व्या वर्षी कळला. दुसऱ्याचा तपासणीत ५८ व्या वर्षी. ‘निदानानंतर पाच वर्षं जगले’ या यादीत दुसरा बसतो, पहिला बसत नाही. तपासणीनं आयुष्य एका दिवसानंही वाढलं नाही, आजारपण मात्र पाच वर्षं आधी सुरू झालं. म्हणून ‘लवकर सापडलेल्यांत जगण्याचं प्रमाण इतकं’ या जाहिरातीवरून काहीच सिद्ध होत नाही. तपासलेल्या आणि न तपासलेल्या दोन सारख्या गटांत मृत्यू कमी झाले का, एवढंच विचारायचं.

दुसरी अडचण म्हणजे कधीच त्रास न देणारा रोग सापडणं. दक्षिण कोरियात इतर तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरची निदानं सुमारे १५ पट झाली, मृत्यू होते तेवढेच राहिले. ज्यांचं निदान झालं त्यातल्या बहुतेकांची थायरॉइडची ग्रंथी काढली गेली, मग जन्मभर गोळी, काहींचा आवाज गेला, काहींचं कॅल्शियम ढासळलं. यातल्या एकालाही आपली तपासणी वाया गेली असं वाटत नाही. प्रत्येकजण म्हणतो, बरं झालं वेळेत कळलं. म्हणूनच हे नुकसान कुणाला दिसत नाही.

तिसरं गणित कागदावर करून बघा. चाचणी बरी आहे असं धरू : रोग असलेल्या शंभरातले ९० पकडते, रोग नसलेल्या शंभरातल्या ९० जणांना नाही म्हणते. गावातले हजार लोक आले, रोग १० जणांना आहे. पकडले ९. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांतले ९९ सुद्धा ‘पॉझिटिव्ह’. एकूण १०८ चिठ्ठ्या, खऱ्या ९. हीच चाचणी, ज्यांच्यात रोग शंभरात दहा जणांना आहे अशा गटाला लावली, तर १८० चिठ्ठ्यांत ९० खऱ्या निघतात. चाचणी बदलली नाही, माणसं बदलली. कुणाला तपासायचं ते नीट ठरवलं की अर्धं काम झालं.

सरसकट ‘हेल्थ चेकअप’बद्दलही पुरावा आहे. कॉक्रेन (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या २०१९ च्या आढाव्यात १७ अभ्यास आणि सुमारे अडीच लाख माणसं होती. सर्वसाधारण तपासण्यांनी एकूण मृत्यू, हृदयविकाराचे मृत्यू, कॅन्सरचे मृत्यू, काहीच कमी झालं नाही. नेमकी तपासणी, नेमक्या माणसांत, पुढच्या उपचारासह असेल तेव्हाच फायदा होतो. नवजात बाळाच्या टाचेचं रक्त ४८ ते ७२ तासांत घेऊन थायरॉइड बघणं हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण : रोग पकडता येतो, औषध स्वस्त आहे आणि उशीर झाला तर मेंदूचं नुकसान भरून येत नाही.

तुमच्या भागात असा नेमका फायदा कशात आहे, तर तोंडाच्या तपासणीत. गरिबाची संधी म्हणाल तर तीच आहे. दंतवैद्य मंडळींनी यावर लिहावं.

दंतवैद्य_अनगोळ

लिहितो, सविस्तर लिहितो. कारण शिबिरात ‘तोंड उघडा, आ करा, झालं, पुढचा’ अशी तपासणी होते आणि ती न केल्यापेक्षा वाईट.

पुरावा आधी. केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी, डॉक्टरांनी नव्हे, गावागावात ठराविक वर्षांनी तोंडं तपासली. २००५ साली निकाल छापून आला : तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. जे काहीच घेत नव्हते त्यांच्यात फायदा दिसला नाही. वर मलप्रभाकाठ यांनी मांडलेलं गणित ते हेच. म्हणून रांग लावताना आधी विचारा : मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, विडी, तपकीर, दारू. ‘हो’ म्हणेल तो आत. बायकांना मिश्रीबद्दल वेगळं विचारा. ‘तंबाखू खाता का’ म्हटलं की मिश्री लावणारी बाई ‘नाही’ म्हणते आणि ती खोटं बोलत नसते, तिच्या लेखी ते दात घासणं आहे.

साहित्य : डोक्याला बांधायचा टॉर्च, हातमोजे (दर माणसाला नवीन जोडी), लाकडी चपट्या काड्या माणशी दोन, गॉज. बाहेर पाण्याचा पिंप आणि पेले. चूळ भरल्याशिवाय कुणालाही खुर्चीत बसवू नका. मिश्रीचा काळा थर आणि चुन्याची पांढरी पुटं खरे डाग झाकतात, नाहीतर खोटे डाग दाखवतात. कवळी असेल तर काढायला सांगा.

क्रम ठरवून ठेवा आणि मोडू नका. आधी ओठ आतून-बाहेरून. मग दोन काड्यांनी गाल ताणून दोन्ही गालांची आतली बाजू. मग हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच, खालची आणि वरची. तंबाखूची गोळी कुठं ठेवता, असं विचारून ती जागा दोनदा बघा. आपल्याकडचा रोग तिथंच सुरू होतो आणि घाईत तीच जागा सुटते. मग जीभ गॉजनं धरून एकेका बाजूला ओढून कडा मागपर्यंत, जिभेखालचा भाग, टाळू, घशाचं तोंड. जिथं डाग दिसेल तिथं बोट फिरवून कडकपणा बघा. शेवटी जबड्याखाली आणि मानेला गाठी. नीट केलं तर माणशी चार मिनिटं लागतात. तासाला पंधरा, चार तासांत साठ. १२० जणांना बोलावणार असाल तर दोन तपासनीस लागतील. एकाकडून १२० होत नाहीत.

काय दिसलं तर चिठ्ठी द्यायची : पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, तो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, दोन आठवड्यांवर न भरलेली जखम, बोटाला कडक लागणारी जागा, कारण नसताना हललेला दात. आणि तोंड किती उघडतं ते बघा. माणसाची स्वतःची तीन बोटं उभी, समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील, गालात पांढऱ्या ताठ दोऱ्या लागत असतील, तिखट झोंबत असेल, तर ते सुपारी-गुटख्यानं आलेलं आखडणं आहे. ते पुरतं मागं फिरत नाही, पण सुपारी त्याच दिवशी बंद झाली तर पुढं वाढायचं थांबू शकतं.

चिठ्ठी दिलेल्या प्रत्येकाला कॅन्सर नसतो, बहुतेकांना नसतोच. टोकदार दात गालाला घासतोय असं दिसलं, तर तो घासून गुळगुळीत करायचा आणि दोन आठवड्यांनी परत बघायचं. जखम तशीच असेल तर तुकडा काढून तपासायचा. ‘सुरी लावली की पसरतो’ ही समजूत गावोगावी आहे आणि त्यापायी माणसं सहा-सहा महिने झाडपाल्यात घालवतात. बायोप्सीचा तुकडा काढल्यानं तोंडाचा कॅन्सर पसरत नाही, हे माईकवर, गर्दीसमोर, डॉक्टरांच्या तोंडून सांगा.

तोटाही सांगतो. ज्याला ‘काही नाही’ म्हटलं, तो बाहेर पडून त्याच आनंदात चंची सोडतो. म्हणून ‘नॉर्मल’ असा शिक्का मारू नका. चिठ्ठीवर लिहा : आज डाग दिसला नाही, तंबाखू चालू असेल तर पुढच्या वर्षी परत दाखवा. खाली सरकारी क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला मदत करणारी फोनसेवा) नंबर छापा, १८००-११-२३५६.

गल्लीकर_निपाणी

डॉक्टर, फार उपयोगाचं लिहिलंत. चिठ्ठी दिल्यावर पाठवायचं कुठं? आमच्याहून बेळगाव लांब पडतं, कोल्हापूर जवळ.

दंतवैद्य_अनगोळ

बेळगावात दोन दंत महाविद्यालयं आहेत, तिथं बायोप्सी नेहमीची. शिबिराआधी कुठल्याही एका ठिकाणच्या तोंडाच्या रोगांच्या विभागाला भेटून वार ठरवून घ्या आणि त्या दिवशी सगळे मिळून एकाच गाडीनं न्या. एकटा माणूस जात नाही. आरोग्य योजनेच्या कार्डाचं आणि कुठल्या राज्यात न्यायचं त्याचं कुणीतरी वेगळं सांगा, तो माझा विषय नव्हे.

स्टाफ_सिस्टर_खानापूर

बीपी-शुगर म्हणजे सोपं काम, असं धरून ते शाळेतल्या पोरांकडं देतात, म्हणून लिहिते.

बीपी : माणूस उन्हातून चालत आला आणि लगेच पट्टा गुंडाळला की आकडा चढलेलाच येणार. पाच मिनिटं खुर्चीत, पाठ टेकून, पाय जमिनीवर, तिढा नाही. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-विडी नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला. हात खाली लोंबत असला तर आकडा दहाच्या आसपास जास्त दाखवतो. पट्ट्यातल्या फुग्यानं दंडाचा ८० टक्के घेर झाकला पाहिजे. जाड दंडाला लहान पट्टा लावला की नसलेलं बीपी दिसतं, म्हणून मोठा पट्टा एक तरी मागवा. पट्टा उघड्या दंडावर बांधा. दंडात रुतणारी बाही वर सरकवून ठेवू नका, ती सैल करा. दोन वेळा मोजा, मध्ये एक मिनिट, बोलायचं नाही. १४०/९० च्या वर आलं तर त्या दिवशी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं म्हणू नका, वेगळ्या दिवशी परत मोजायचं. १८०/११० च्या वर असेल आणि डोकं दुखणं, छातीत दुखणं, दम लागणं, नजर अंधुक होणं यातलं काही असेल, तर रांग सोडून तडक दवाखान्यात न्या.

शुगर : आपल्याकडं गुऱ्हाळं, ऊस, त्यात गणपतीचा प्रसाद. बोटाला गुळाचा अंश असला की ग्लुकोमीटर भलताच आकडा दाखवतो. साबणानं हात धुवायला लावा आणि पुसून कोरडे करा. स्पिरीट लावलं तर वाळू द्या, ओल्या स्पिरीटनं थेंब पातळ होतो. पहिला थेंब कापसानं टिपून दुसरा घ्या, बोट पिळू नका. स्ट्रिपचा डबा उघडा राहिला की दमटपणानं स्ट्रिप खराब होतात. उघडल्याची तारीख डब्यावर लिहा. यंत्र चांगलं असलं तरी १०० च्या वर आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे धरूनच चालायचं. १४० च्या वर आलं तर उपाशीपोटीची लॅबमध्ये करायला सांगा. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, आणि लक्षणं नसतील तर तेही दोनदा, मगच मधुमेह म्हणायचा. एचबीएवनसीवर (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) विसंबू नका. लोह कमी असलेल्या बाईत ती खोटी वाढून येते आणि आपल्या बायकांत रक्त कमी असणं किती नेहमीचं आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

सुया : पेनासारखं टोचायचं यंत्र शिबिरात आणूच नका. सुई बदलली तरी टोपीला रक्त लागतं आणि कावीळ ब पसरते. एकदा वापरून आपोआप आत जाणाऱ्या लॅन्सेट घ्या. वापरलेल्या सुया न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि शेवटी सगळं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कचऱ्यात जमा. शाळेच्या उकिरड्यावर नाही.

आणखी एक. तिशीपुढच्यांचं बीपी-शुगर, तोंड, स्तन, गर्भाशयमुख हे सगळं सरकारी कार्यक्रमात आहेच. आशाताई सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका मोजायची प्रश्नावली) भरतात, त्यात ४ च्या वर गुण आले की त्यांना आधी बोलवायचं असतं. तुमच्या आशाताईंकडं ती यादी मागा, त्यावर शिबिर बांधा. कोरी सुरुवात कशाला?

दूधगंगा

बायकांच्या तपासण्यांवर मी लिहिते, कारण यात शिबिरवाले एकतर काहीच करत नाहीत, नाहीतर भलतंच करतात.

गर्भाशयमुखाची व्हीआयए तपासणी म्हणजे ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून एक मिनिट थांबून पांढरं पडतं का ते बघणं. ५ टक्क्यांसाठी ५ मिली ग्लेशियल ॲसिड ९५ मिली डिस्टिल्ड पाण्यात, त्याच दिवशी बनवलेलं. कडक घड्याळ लावा. वीस सेकंदांत बघून ‘निगेटिव्ह’ लिहिलं जातं, ते चूक. पाळी चालू असताना करायची नाही. पाळी गेलेल्या बऱ्याच बायकांत जो भाग बघायचा तो आत सरकलेला असतो, तिथं ही तपासणी फसवी. त्यांना एचपीव्ही टेस्ट (गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी) बरी. साधी सूज किंवा संसर्ग असला तरी पांढरं दिसू शकतं, म्हणून पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधीच सांगा, नंतर सांगून बाई ऐकण्याच्या मनःस्थितीत नसते.

पुरावा आपल्या शेजारचाच आहे. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टनं त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तिथंच एकदाच केलेल्या व्हीआयएनं ठोस फायदा दिसला नाही. मुंबईत टाटा मेमोरियलनं वस्त्यांमधून दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या व्हीआयए केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. माझा निष्कर्ष : गणपतीत एकदा व्हीआयए करून मंडळानं फोटो काढण्यात अर्थ नाही. एकतर आरोग्य केंद्राच्या नेहमीच्या दिवसाला बायकांना जोडून द्या, नाहीतर ३० ते ४९ च्या बायकांसाठी एचपीव्ही टेस्टची सोय बघा. त्याचा नमुना बाई आडोशाला स्वतः घेऊ शकते, त्यामुळे लाजेनं मागं राहणाऱ्याही येतात.

स्तनांची हातानं तपासणी ठेवा, बाई तपासनीस आणि दाराला पडदा असेल तरच. मुंबईच्याच वीस वर्षांच्या अभ्यासात, सुमारे दीड लाख बायकांत, ती दर दोन वर्षांनी केल्यावर पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत फरक दिसला नाही.

मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रेची) गाडी आणू का, असं कुणी विचारेलच. ब्रिटनच्या २०१२ च्या स्वतंत्र समितीचा हिशेब सांगते : पन्नाशीपासून वीस वर्षं बोलावलेल्या १०,००० बायकांत ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना असा कॅन्सर सापडतो, ज्यानं त्यांना कधीच त्रास दिला नसता. एक जीव आणि तिघींवर नको असलेले उपचार. हा सौदा करावा की नाही हे त्या बाईनं ठरवायचं, मंडळानं नाही. चाळिशीच्या आत तर स्तन दाट असल्यानं फिल्ममध्ये गाठ लपते.

तिसरं_रेल्वेगेट

मुद्दा कळला. माझा आग्रह ‘जास्त तपासण्या’ हा नव्हता, ‘गरिबाला काहीतरी मिळो’ हा होता. तोंडाच्या तपासणीतून ते मिळतंय. पण पुरुषांचं पीएसए? साठीपुढचे बरेच जण विचारतात.

मलप्रभाकाठ

लघवीचा त्रास आहे तो रुग्ण, त्यानं डॉक्टरकडं जावं, ती चाळणी नव्हे. त्रास नसलेल्यासाठी : युरोपातल्या मोठ्या अभ्यासात १३ वर्षांनंतर ७८१ पुरुष बोलावल्यावर एक मृत्यू टळला. जादा सापडलेल्यांत बरेच असे, ज्यांना रोगानं कधी काही केलं नसतं आणि उपचारानं लघवीवरचा ताबा किंवा पौरुष गेलं. ५५ ते ६९ मध्ये डॉक्टरशी बसून बोलून ज्यानं त्यानं ठरवावं. सत्तरीपुढे नको. शिबिरात अजिबात नको, कारण तिथं बसून बोलायला वेळच नसतो.

उद्यमबाग_शिफ्ट

धागा निपाणीचा आहे, तरी बेळगावातल्या फौंड्रीवाल्यांसाठी जोडतो. साच्याची वाळू झाडणं, कास्टिंग घासणं, या जागांवर सिलिकाची धूळ असते. छातीचा एक्स-रे आणि फुंकर मारायची स्पायरोमेट्री वर्षाला करावी, पण सिलिकोसिस (त्या धुळीनं फुप्फुसाला होणारा आजार) एकदा बसला की औषधानं जात नाही. मग तपासणीचा फायदा कशात? माणूस त्या जागेवरून हलवला, पाणी मारून किंवा ओढणारे पंखे लावून धूळ कमी केली, टीबीवर लक्ष ठेवलं, तरच. सिलिकोसिस कायद्यानं सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे. म्हणून एक्स-रेची प्लेट आणि रिपोर्ट कामगाराच्या हातात पडलाच पाहिजे, ऑफिसच्या कपाटात नव्हे. फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी साधा एक्स-रे चाळणी म्हणून चालत नाही. कमी किरणांचा सीटी स्कॅन भरपूर सिगरेट ओढणाऱ्यांत मृत्यू कमी करतो हे अमेरिकेत दिसलं, पण जुन्या टीबीचे व्रण आणि सिलिकाच्या गाठी असलेल्या आपल्या छातीत तो खोटे संशय किती उभे करेल, याचा विचार करूनच सल्ला द्यावा.

वही_आणि_शिक्का

आता तपासणीनंतरच्या टप्प्याबद्दल, कारण शिबिरं तिथंच फसतात.

चिठ्ठी दोन भाषांत छापा. माणसाला वाचायला मराठी, दवाखान्यातल्या माणसाला कन्नड किंवा इंग्रजी. नुसती मराठी चिठ्ठी टेबलावर बाजूला पडते, नुसती कन्नड चिठ्ठी घरी देव्हाऱ्यामागं. वर तीनच ओळी : काय दिसलं, कुठं जायचं, कुठल्या तारखेच्या आत. ‘डॉक्टरांना दाखवा’ असं मोघम लिहिलं की कुणी जात नाही.

कार्डाचं : कर्नाटकच्या आरोग्य योजनेत आधी सरकारी दवाखाना आणि तिथून पत्र, हा नेहमीचा रस्ता आहे. रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का, ते शिबिरातच बघा. मराठी नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं आणि ऐन ॲडमिशनच्या वेळी अडतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. म्हणून कोल्हापूरकडं पाठवणार असाल तर आधी त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेचा तिथला मदतनीस) गावाचं नाव सांगून विचारा, काय कागद लागतील ते लिहून घ्या. रुग्ण नेऊन मग विचारू नका.

वही एकच, एकाच जबाबदार माणसाकडं. रकाने : नंबर, फोन (घरातल्या दुसऱ्याचाही), काय दिसलं, कुठं पाठवलं, गेले का, काय निघालं. दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी फोन. हे करणारा माणूस मिळत नसेल तर शिबिर पुढं ढकला. गणपती सोडून कार्तिकात घेतलं तरी काही बिघडत नाही, फक्त गळीत सुरू व्हायच्या आत घ्या, ऊसतोडीत माणूस सापडत नाही.

गल्लीकर_निपाणी

सगळ्यांचे आभार. काल बैठकीत हे वाचून दाखवलं. ठरलं ते असं : पॅकेज आणि मार्कर रद्द. तिशीपुढचे १२० जण, आशाताईंच्या यादीतून. बीपी, शुगर सगळ्यांचं. तंबाखू-मिश्रीवाल्यांची तोंडाची तपासणी, दोन दंतवैद्य. पन्नाशीपुढच्या बायकांची स्तनतपासणी मागच्या खोलीत, पडदा लावून. व्हीआयए नाही, आरोग्य केंद्राची तारीख घेऊन बायकांना नेणार. वाचलेल्या पैशांतून बेळगावला जायची गाडी, दोन फेऱ्या. एक शंका उरली आहे. ज्याच्या तोंडात काही दिसलं, त्याला तिथंच सांगायचं की घरी जाऊन? गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही.

स्टाफ_सिस्टर_खानापूर

तिथंच, पण एकट्याला, बसवून. सगळ्यांनाच, ज्याच्यात काही नाही त्यालाही, त्याच खुर्चीत दोन मिनिटं बसवा, म्हणजे कुणाला बसवलं यावरून बाहेर अंदाज बांधता येत नाही. नाव पुकारू नका, नंबर पुकारा. चिठ्ठी घडी घालून बंद पाकिटात, सगळ्यांना एकाच रंगाचं. ‘कॅन्सर’ हा शब्द वापरायचा नाही आणि ‘काही नाही हो’ असंही म्हणायचं नाही. ‘ही जागा नीट बघून घ्यायला हवी, मंगळवारी गाडी आहे, बरोबर घरातलं कुणाला आणणार?’ एवढं विचारा आणि सोबत येणाऱ्याचं नाव वहीत त्याच्यासमोर लिहा.